मामंजींनी प्लॅस्टिकला तेल लावलं

ती. वन्सं यांना,

तुमच्या भावजयीचा नमस्कार. साष्टांग घालायची रीत आहे हे ठाऊक आहे, पण माझी कंबर धरली आहे (कारण पुढे येईल), तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या जेवढं वाकता येतं तेवढं वाकून केला आहे. तुमचे गुडघे, भावोजींचा खोकला आणि तुमच्या समोरच्या शेजारणीचं तोंड ही तिन्ही दुखणी आटोक्यात असतील अशी आशा. फोन करायचा सोडून ही पत्र कसलं लिहिते, असं वाटलं असेल. माझा फोन काळ्या पाण्यात बुडाला. दुरुस्तीवाल्याने तो उघडून नाकाशी धरला आणि न बोलता परत दिला. नवा आणायला बाहेर पडायचं तर कंबर परवानगी देत नाही, आणि तुमच्या बंधूंच्या फोनवरून बोलायचं तर ते शेजारी उभे राहून मी काय बोलावं ते खुणांनी सांगतात.

इथे आम्ही खुशाल. मामंजींची तब्येत उत्तम आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही, म्हणून आधीच सांगून टाकते की त्यांना दोन महिने तुमच्याकडे न्या. माझं त्यांच्यावाचून अडत नाही आणि त्यांच्यासकट तर फारच अडतं. मी कजाग सून आहे असं तुम्हाला वाटणार, वाटू दे, पण निकाल द्यायच्या आधी पुढचं सगळं वाचा.

सासूबाई गेल्यावर मामंजी आमच्याकडे राहायला आले त्याला आता दहा महिने होतील. पहिला महिना ते खिडकीत बसून होते. दुसऱ्या महिन्यात त्यांना आमचा स्वयंपाकघरातला नळ ठिबकताना ऐकू आला (दाराची घंटा त्यांना ऐकू येत नाही, दोन खोल्यांपलीकडचा थेंब येतो). त्यांनी तो आवळला. मग उत्साह वाढून घरातले सगळे नळ आवळले. ते इतके आवळले गेले की त्यांच्याखेरीज कोणालाच उघडेनात, आणि तुमचे बंधू वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी आंघोळीला जाताना वडिलांना हाक मारू लागले. नंतर खालच्या मजल्यावरचे नळ झाले, वरचे झाले. मग नळ संपले आणि माझी नोकरी उरली.

तुम्हाला मी काय काम करते हे नक्की माहीत नाही, त्यात तुमचा दोष नाही. सासूबाई बावीस वर्षं लोकांना "तिचं पाण्याचं काहीतरी असतं" एवढंच सांगत. तर मोठ्या इमारतींच्या छताखालून पाण्याचे पाइप गेलेले असतात आणि त्यांना ठरावीक अंतरावर फवारे असतात. प्रत्येक फवाऱ्यात बोटाच्या पेराएवढी काचेची कांडी असते. आग लागून हवा तापली की ती कांडी फुटते आणि तेवढ्याच फवाऱ्यातून पाणी कोसळतं. (सिनेमात सगळे फवारे एकदम सुरू होऊन नायिका भिजते, ते नायिकेच्या सोयीसाठी.) हे पाइप कशाचे असावेत, कुठे लोखंडी, कुठे तांब्याचे, कुठे प्लॅस्टिकचे, किती जाडीचे, कोणाच्या शिक्क्याचे, हे ठरवणं म्हणजे माझं पोट. त्याच्या नियमांचं पुस्तक उशाला घेता येईल इतकं जाड आहे. मी घेतलेलं आहे आणि झोप चांगली लागते.

एका संध्याकाळी जेवताना माझ्या तोंडून निघून गेलं की सध्याच्या कामात खोल्यांमधले पाइप प्लॅस्टिकचे टाकतेय. मामंजींचा घास हातात राहिला. अडतीस वर्षं कारखान्यात लोखंडी पाइप जोडलेला माणूस तो. तो तसाच धरून ते म्हणाले, "सूनबाई, मेणबत्तीने आग विझवायला निघालीस."

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. मी समजावून सांगितलं की हे बादलीचं प्लॅस्टिक नव्हे, याची जातच वेगळी. आत सदैव पाणी भरलेलं असतं म्हणून ते सहसा पेटत नाही. आणि ते फक्त निजायच्या खोल्या, कचेऱ्या असल्या सौम्य ठिकाणी चालतं. तळघरात, गोदामात, गाड्या उभ्या करायच्या जागी मीही लोखंडच घालते. शिवाय लोखंड आतून गंजतं, वीस वर्षांनी कापलं तर त्यात चिखल निघतो. मामंजी म्हणाले, त्यांचा एकही पाइप सडला नाही. मी म्हटलं, सडायच्या आधी कारखाना बंद पडला म्हणून. (हे मी बोलायला नको होतं. पण वन्सं, रोज दोन्ही वेळच्या जेवणात मेणबत्ती ऐकली असती तर तुम्हीही बोलला असतात.) दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर त्यांनी माझ्या नमुन्याच्या पाइपाचा तुकडा शेगडीवर धरला. रिकामाच, आत पाणीबिणी काही नाही. तो काळा पडला, फुगला, वाकला, घरभर वास सुटला आणि शेजारच्यांनी अग्निशमन दलाला फोन करायची तयारी केली. संध्याकाळी मी घरी आले तर तो तुकडा दिवाणखान्यातल्या कपाटात, मला कंपनीकडून मिळालेल्या स्मृतिचिन्हाला टेकवून ठेवलेला. तुमच्या बंधूंना विचारलं, यावर तुमचं काय म्हणणं. ते म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे." या एका वाक्यावर त्यांचा संसार चाललाय.

आता कामाचं सांगते. एक वृद्धनिवास आहे, तीन मजली. एकूण बासष्ट माणसं, सगळ्यात तरुण बाई एकोणसत्तरची. तिथे सगळीकडे फवारे बसवायचे होते आणि मी खोल्यांत प्लॅस्टिक घातलं ते एवढ्याचसाठी की त्याला ठिणगी लागत नाही. कात्रीसारख्या हत्याराने कापायचं, चिकटवायचं, झालं. एका खोलीचं काम होईपर्यंत तिथले आजोबा दोन तास व्हरांड्यात बसतात आणि जेवायच्या वेळी आपल्या खाटेवर परत. तेच लोखंड खोल्या-खोल्यांतून न्यायचं म्हटलं की गॅसने कापणं आलं, यंत्रं आली, आणि वस्ती चार महिने रिकामी करणं आलं. म्हणजे बासष्ट माणसांना त्यांच्या मुलांनी चार महिने घरी न्यायचं. आणि मुलांना घरी न्यायचंच असतं तर ती माणसं तिथे कशाला असती. (हे वाक्य लिहून मी जरा थांबले होते. पण तुमची गोष्ट वेगळी आहे, तुमच्याकडे मागची खोली रिकामी आहे.)

तळघरातला मोठा पाइप, जिन्यातून वर चढणारा उभा पाइप आणि स्वयंपाकघर एवढं मात्र लोखंडी होतं. लोखंडी पाइपाच्या टोकांना आटे पाडावे लागतात, म्हणजे बाटलीच्या झाकणाला असतात तसे, मग तो जोडात फिरवून बसवता येतो. आमच्या ठेकेदाराचं आटे पाडायचं यंत्र ऐन वेळी बंद पडलं, आणि त्याच्या चार माणसांपैकी एकालाही हाताने आटे पाडता येईनात. त्याने रात्री जेवणाच्या वेळी फोन करून माझ्यापाशी अश्रू ढाळले. मामंजींना दाराची घंटा ऐकू येत नाही म्हटलं ना, हे बरोबर ऐकू आलं. सकाळी आठला मी निघाले तर ते दाराशी तयार, अंगात कारखान्याचा जुना खाकी सदरा, हातात हत्यारांची पिशवी. मी विचार केला, आटेही पडतील आणि दिवसभर माझ्या घरातली उरलीसुरली वस्तूही वाचेल. नेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खरं सांगते, तळघरात ते पंधरा दिवस फार मजेत होते. ठेकेदाराची चौघं माणसं आळीपाळीने दांडा फिरवायची आणि मामंजी स्टुलावर बसून नजरेने पाडायचे आटे. प्रत्येक टोकावरून अंगठा फिरवायचे. पसंत नसेल तर काही बोलायचे नाहीत, नुसता अंगठा सदऱ्याला पुसायचे, आणि ती दांडगी माणसं शाळेत पट्टी खाल्ल्यासारखी पुन्हा कापायला घ्यायची. आटे पाडताना तेल घालावं लागतं, नाहीतर हत्यार करपतं. मामंजींचं तेल स्वतःच्या मिश्रणाचं, एका चेपलेल्या पावडरच्या डब्यात. त्यात काय काय आहे ते त्यांनी सासूबाईंनाही सांगितलं नव्हतं. वास असा की माझ्या कपाटातल्या साड्या अजून कारखान्यात कामाला असल्यासारख्या वाटतात.

आणि इथेच पुढची गोष्ट आहे. लोखंडाला तेल म्हणजे लाड, पण या प्लॅस्टिकला तेल म्हणजे विष. लावलं की लगेच काही दिसत नाही. दिवस जातात, पाइप शहाण्यासारखा लटकत राहतो, आणि मग दाब वाढला की जोडाशी तडा जातो. बनवणाऱ्याच्या माहितीपुस्तकात एक्केचाळिसाव्या पानावर हे लिहिलेलं आहे. म्हणून लोखंडी पाइप वर जोडण्याआधी आतून पुसून, धुऊन घ्यायचे, तेलाचा हात पहिल्या मजल्यावर न्यायचा नाही, असं मी ठेकेदाराला सांगितलं, त्याच्या चौघांना सांगितलं, मेट्रनबाईंना सांगितलं, त्यांच्या झाडूवालीलासुद्धा सांगितलं. मामंजींना सांगितलं नाही. ते तळघरात, प्लॅस्टिक वर. शिवाय प्लॅस्टिकला तेलाचं बोट सोसत नाही हे त्यांना कळलं असतं तर पुढची पाच वर्षं मी जेवणाच्या ताटावर बसू शकले नसते. एवढं सोपं होतं ते.

चाचणी गुरुवारी अकराला ठरली. पाइपात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दाबाने पाणी भरायचं, दोन तास ठेवायचं आणि दाबाचा काटा हलत नाही ना बघायचं. पहिल्या मजल्यावरच्या जेवणघरात सगळे जमलो. अग्निशमन खात्याचे अधिकारी पांढऱ्या शुभ्र गणवेशात आले, इस्त्रीच्या घडीने बोट कापेल असे. आमचे साहेब नवे बूट घालून आले. संस्थेचे अध्यक्ष फुलांचा गुच्छ घेऊन आले, तो कोणाला द्यायचा हे शेवटपर्यंत ठरलं नाही. राहणाऱ्या मंडळींना आपापल्या खोल्यांत थांबायला सांगितलं होतं, म्हणजे अर्थातच साडेदहापासून सगळ्या खुर्च्या भरलेल्या. मामंजी शेवटच्या रांगेत त्यांच्यातच बसले होते. मेट्रनबाईंना मोजणीत एक माणूस जास्त भरत होता म्हणून त्यांनी दोनदा मोजलं आणि मग मामंजींनाही एक गोळी दिली. त्यांनी घेतली.

अधिकारी गृहस्थ कामाचे होते. चष्मा लावून, शिडीवर चढून त्यांनी पाइपावर छापलेली ओळ वाचली, बनवणारा कोण, मान्यता कोणाची, दाब किती सोसतो, तारीख कुठली. मान डोलावली. पंप सुरू झाला, काटा चढला, थांबला. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. साहेब माझ्याकडे बघून हसले, ते वर्षातून एकदा हसतात. अधिकारी शिडीवरून उतरून खिडकीजवळच्या कोपऱ्यात, जिथे पाइप काटकोनात वळतो, त्याच्या बरोब्बर खाली उभे राहिले आणि वर बघून म्हणाले, "काम स्वच्छ आहे."

मोठ्या हाडाचा सांधा निखळावा तसा आवाज झाला. वन्सं, तळघरातले पाइप आठ दिवस आधीच पाण्याने भरून ठेवले होते, आणि लोखंडी पाइपात पडून राहिलेलं पाणी कसं असतं हे तुम्ही मामंजींना विचारा. ते काळं असतं, शाईसारखं, आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास असतो. ते सगळं त्या पांढऱ्या गणवेशावर आलं. अधिकारी हलले नाहीत, बहुधा हलायचं सुचलंच नसावं. साहेब टेबलावर चढले. अध्यक्षांनी गुच्छ डोक्यावर धरला. मी जिन्यातली पाण्याची झडप बंद करायला धावले, तिसऱ्या पावलाला घसरले आणि कमरेवर पडून टेबलाखालून दाराच्या दिशेने वाहत गेले. (माझ्या खिशात फोन होता.) पुढच्या रांगेतल्या एका आजींनी चहाच्या कपावर बशी झाकली आणि शेजारणीला विचारलं, "दर गुरुवारी असतं का हे?"

पाणी थांबलं ते मामंजींमुळे. एकाहत्तर वर्षांचा माणूस, दुखरे गुडघे, पण झडप कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरवायची हे त्या गर्दीत नक्की त्यांनाच माहीत होतं. ठेकेदार जिन्यात पोचला तेव्हा ती बंद करून ते कठड्याला टेकून धापा टाकत होते.

दुपारी मेट्रनबाईंच्या खोलीत बैठक झाली. अधिकाऱ्यांचे कपडे धुवायला गेले होते, म्हणून ते निवासाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात बसले होते, वर कोणाचा तरी स्वेटर. रुबाब कपड्यांत नसतो हे मला त्या दिवशी पटलं, कारण आम्ही सगळे त्या पायजम्यालाही घाबरून होतो. अध्यक्ष म्हणाले, हे प्लॅस्टिक आजच्या आज काढा. सगळीकडे लोखंड घाला, निवास चार महिने रिकामा करा, घरोघरी पत्रं पाठवा. मेट्रनबाई म्हणाल्या, वरच्या मजल्यावरचे दोघं सहा वर्षं खाटेवरून उठलेले नाहीत, त्यांना कोण नेणार. अध्यक्ष म्हणाले, तो नंतरचा प्रश्न. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू प्लॅस्टिक मी माहेरहून आणलं होतं. माझी नोकरी त्या खोलीतून निघून जाताना मला स्पष्ट दिसत होती.

माझ्या हातात तो फुटलेला जोड होता. जुन्या कपाच्या झिलईला जातात तसे बारीक बारीक तडे त्याच्यावर पसरलेले. मला कळलं कसले ते. ठेकेदाराला विचारलं, तेल लागलं का कुठे. त्याने आईची शपथ घेतली, आणि तो खोटं बोलत नव्हता. तपासणीला पाठवलं तर अहवाल यायला महिना, आणि अध्यक्ष महिनाभर थांबणारे नव्हते. त्यांना अनुभवी माणसाचं मत हवं होतं. ते म्हणाले, "खाली ते लोखंडवाले आजोबा आहेत ना, अडतीस वर्षं काढलेले. त्यांनाच विचारू."

वन्सं, तुम्ही तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता, तेव्हा त्या क्षणाची किंमत मी सांगायला नको. अध्यक्ष, अधिकारी, मोठा साहेब, सगळे मान वर करून मामंजींचं मत विचारतायत, लोखंड बरं की प्लॅस्टिक. आयुष्यात त्यांना असा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि उत्तर तर पाठ होतं. ते पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला तसेच आत आले. मी मनात मेणबत्तीची तयारी करून ठेवली.

त्यांनी माझ्या हातातून तो जोड घेतला. उजेडाकडे धरला. मग नाकाशी नेला आणि तसेच उभे राहिले. मला वाटलं, भाषण जुळवतायत.

"हे माझं तेल आहे," ते म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ते सावकाश, खाली बघत बोलले. दुपारी माणसं जेवायला गेली की ते जिना चढून वर यायचे. रोज थोडे थोडे. एक खुर्ची घ्यायची, तिच्यावर चढायचं (एकाहत्तर वर्षांचा माणूस, वन्सं, खुर्चीवर) आणि जेवणघरातल्या एकेका जोडाला फडक्याने तेल चोळायचं. सव्वीस जोड होते. सगळे झाले होते.

"पण का," साहेब म्हणाले.

"प्लॅस्टिक आहे. तडकेल असं वाटत होतं." मग माझ्याकडे न बघता, "सुनेचं काम आहे. म्हटलं, हात फिरवून ठेवू."

अध्यक्ष चिवट आहेत, त्यांनी विचारलं, ते ठीक, पण लोखंड चांगलं की नाही ते सांगा. मामंजी म्हणाले, "लोखंड चांगलंच आहे. पण हा पाइप आपला आपण फुटलेला नाही. मी फोडलाय. वरच्या दोघांना खाटेवरून हलवायचं कारण नाही."

मग माझ्याच्याने बसवेना. मी कंबर धरून उठले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तेलाचं मी झाडूवालीपर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं, फक्त यांना सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरगुती कारण. साहेबांनी डोळे मिटले. अधिकाऱ्यांनी पायजम्याच्या खिशात पेन शोधलं, नव्हतं, मेट्रनबाईंचं घेतलं आणि हुकूम लिहिला, की जेवणघरातला सगळा पाइप काढून नवा घालावा, लोखंडी पाइप आतून पुन्हा धुवावेत, आठ दिवसांनी पुन्हा चाचणी, बाकी प्लॅस्टिक आहे तसं राहील. खाली सही केली, आणि सहीखाली स्वतःहून एक ओळ वाढवली, की सूचना कामावरच्या सर्व व्यक्तींस द्याव्यात, नातेवाइकांसह.

दुसरी चाचणी काल झाली. काटा दोन तास जागचा हलला नाही. अधिकारी रेनकोट घालून दाराबाहेरच्या खुर्चीवर बसले होते. नोकरी आहे. साहेब मात्र यंदाचं हसणं वापरून मोकळे झालेत. मी काठी टेकत गेले होते. मामंजी आले नाहीत, गुडघा दुखतोय म्हणाले.

तर वन्सं, मी किती सोसलंय हे तुमच्या लक्षात आलं असेल. कंबर गेली, फोन गेला, कामावर माझं नाव "घरगुती कारण" पडलं. आता दोन महिने तुमची पाळी. पुढच्या रविवारी येऊन घेऊन जा. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. : भावोजींचं आणि मामंजींचं पटत नाही हे ठाऊक आहे. भावोजींना सांगा, ऐकू येत नसल्याचं सोंग करावं. मामंजींशी वागायची ती एकच रीत आहे, आणि ती मामंजींनीच काढली आहे.

ता. क. २ : वरचं सगळं पुन्हा वाचलं. सगळं खरं आहे, फक्त नेण्याचं कारण सोडून. मामंजी बोलत नाहीत, वन्सं. नऊ दिवस झाले. रागावलेत म्हणावं तर तसंही नाही, सगळ्याला "बरं" म्हणतात. परवा मी भाजीत मीठ विसरले तर "बरी झालीय" म्हणाले. जाहिरातीत प्लॅस्टिकची पाण्याची टाकी दाखवली, मी मुद्दाम आवाज वाढवला, तर उठून आत गेले. काल व्हरांड्यातला दिवा गेला तेव्हा माझ्याजवळ येऊन विचारलं, "मी बदलू का? चालेल?" दहा महिन्यांत त्यांनी कधी काही विचारून केलेलं नाही. मला ते ऐकवलं नाही. मी दोनदा सांगितलं, चूक माझीही होती. "बरं" म्हणाले. तेव्हा असं करा. तुमच्याकडे काहीतरी बिघडवा. पाण्याचं असलं तर उत्तम. भावोजींना नुसतं दुरुस्त करायला सांगितलं तरी काम होईल. आणि मामंजींना कळवा की तुमच्या भागातले सगळे फिटर बिनकामाचे आहेत, घरात पाणीच पाणी झालंय, त्यांच्याशिवाय होणार नाही. ते आले की त्यांच्याशी भांडा. मी भांडून बघितलं, आता माझ्याशी भांडत नाहीत.

ता. क. ३ : पाकीट न चिकटवता टेबलावर ठेवलं आणि मी कंबर शेकायला गेले. परत येऊन बघते तर आतले कागद उलट्या क्रमाने आणि दोन ठिकाणी पेन्सिलीने माझं शुद्धलेखन सुधारलेलं. मामंजी काही बोलले नाहीत. पण आतल्या खोलीत हत्यारं वर्तमानपत्रात गुंडाळली जातायत, आणि मघाशी तुमच्या बंधूंना त्यांनी रविवारच्या गाडीची वेळ विचारली. तुमचे बंधू म्हणाले, ताईकडे काही बिघडलंय का. त्यावर मामंजी म्हणाले, "अजून नसेल बिघडलं, पण ती पोर लहानपणापासून नळ उलटा फिरवते." नऊ दिवसांतलं हे त्यांचं पहिलं सबंध वाक्य आहे. तेव्हा त्यांना सगळं ठाऊक आहे असं धरून चाला, आणि ठाऊक नाही असं दाखवा. काहीतरी खरोखरच बिघडवून ठेवा. आणि वर दोन महिने लिहिलंय ते खोडते आहे. निवासाच्या गच्चीवरच्या टाकीचं लोखंडी काम निघालंय, ठेकेदाराची चौघं माणसं कालपासून मला विचारतायत आजोबा कधी येणार. पंधरा दिवस ठेवून घ्या. सोळावा देणार नाही.